रिअल आयडी आणि राज्यांचा नकार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी, नुकतेच तिकडे गेलेले विद्यार्थी आणि मुलांकडे सहा महिने राहायला जाणारे आईवडील यांच्याकडून रिअल आयडीबद्दल सतत प्रश्न येतात. बहुतेकांना विमानतळाची चिंता असते. पण एवढी राज्यं या कार्डाच्या विरोधात का उभी राहिली, हेही आता पुष्कळजण विचारतात. दोन्ही प्रकारच्या प्रश्नांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

१. रिअल आयडी म्हणजे वेगळं कार्ड आहे का?

नाही. तुमच्या राज्याचं ड्रायव्हिंग लायसन्स किंवा राज्याचं ओळखपत्र केंद्राच्या नियमांप्रमाणे कागदपत्रं तपासून दिलेलं असेल, तर ते रिअल आयडी. अशा कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात तारा असतो, कॅलिफोर्नियात तो अस्वलाच्या आकृतीत असतो. तारा नसलेल्या कार्डावर बहुतेक राज्यांत ‘नॉट फॉर फेडरल आयडेंटिफिकेशन’ किंवा ‘फेडरल लिमिट्स अप्लाय’ असं छापलेलं असतं.

कायदा ११ मे २००५ चा. त्याने केंद्राच्या कार्यालयांना सांगितलं की काही ठरावीक कामांसाठी तारा नसलेलं राज्याचं कार्ड स्वीकारायचं नाही. ती कामं म्हणजे प्रवासी विमानात चढणं, केंद्राच्या इमारतींत आणि लष्करी तळांवर प्रवेश आणि अणुवीज केंद्रांत प्रवेश. गाडी चालवायला, मतदानाला किंवा सोशल सिक्युरिटीचे पैसे घ्यायला हा कायदा तारा मागत नाही.

२. हा कायदा एवढ्या घाईने कसा आला?

११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातल्या १९ जणांपैकी एक सोडून बाकी सगळ्यांकडे अमेरिकेत मिळवलेलं काही ना काही ओळखपत्र होतं, त्यातली काही फसवून मिळवलेली. हल्ल्याच्या चौकशी आयोगाने २००४ च्या अहवालात शिफारस केली की लायसन्स देण्यासाठी केंद्राने किमान निकष ठरवावेत. डिसेंबर २००४ मध्ये त्याप्रमाणे कायदाही झाला. त्यात राज्यांना सोबत बसवून, चर्चा करून नियम ठरवायची तरतूद होती.

ती चर्चा पुरी होण्याआधीच विस्कॉन्सिनचे खासदार जेम्स सेन्सेनब्रेनर यांनी रिअल आयडीचं विधेयक आणलं. ते इराक-अफगाणिस्तान युद्धाचा खर्च आणि त्सुनामीग्रस्तांची मदत यांच्या खर्च-विधेयकाला जोडलं गेलं. सैनिकांच्या पैशाला आणि त्सुनामीच्या मदतीला नाही कोण म्हणणार? सिनेटमध्ये १०० विरुद्ध ० मतांनी ते मंजूर झालं, पण रिअल आयडीच्या तरतुदींवर तिथे वेगळी सुनावणी झालीच नाही. राज्यांशी बोलणी करायची आधीची तरतूद याच कायद्याने रद्द केली. राज्यांचा राग इथूनच सुरू होतो, आणि तो रास्त होता असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांच्या खिडक्यांवर रांगा लागणार होत्या, त्यांनाच कुणी विचारलं नव्हतं.

३. केंद्राचा कायदा असताना राज्यं ‘आम्ही करणार नाही’ असं म्हणू शकतात का?

अमेरिकेत म्हणू शकतात. राज्यघटनेच्या दहाव्या दुरुस्तीनुसार जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात. त्यावरून सुप्रीम कोर्टाने १९९२ च्या न्यूयॉर्कच्या खटल्यात आणि १९९७ च्या प्रिंट्झ खटल्यात स्पष्ट केलं, की केंद्राला आपली योजना राबवण्यासाठी राज्याच्या यंत्रणेला जुंपता येत नाही. प्रिंट्झ हे माँटानातल्या एका काउंटीचे शेरीफ. बंदूक घेणाऱ्यांची चौकशी केंद्रासाठी आम्ही का करायची, एवढाच त्यांचा सवाल होता. दहा वर्षांनी रिअल आयडीला सर्वांत कडक नकार याच माँटानाने दिला.

ही अडचण कायदा लिहिणाऱ्यांना ठाऊक होती. म्हणून कायदा राज्यांना हुकूम देत नाही. तो म्हणतो, तुम्ही हवं तसं लायसन्स द्या, पण ते आमच्या नियमात बसलं नाही तर आमचे लोक ते स्वीकारणार नाहीत. कागदावर हे ऐच्छिक आहे. प्रत्यक्षात दाब राज्याच्या नागरिकावर येतो, कारण विमानतळावर अडवलं जाणार ते त्यालाच.

४. कोणत्या राज्यांनी विरोध केला?

सुरुवात मेनने केली. २५ जानेवारी २००७ रोजी तिथल्या विधिमंडळाने ठराव केला की आम्ही हा कायदा राबवणार नाही. सिनेटमध्ये ३४ विरुद्ध ०, खालच्या सभागृहात १३७ विरुद्ध ४. इतकी एकमुखी मतं एरवी निरुपद्रवी ठरावांनाच मिळतात. मेनसारख्या छोट्या राज्याला पाच वर्षांत सुमारे १८.५ कोटी डॉलर खर्च येईल असा अंदाज त्या ठरावाच्या मागे होता. देशभरातल्या राज्यांच्या संघटनांनी मिळून काढलेला आकडा पाच वर्षांना ११ अब्ज डॉलरचा होता. केंद्र यातलं फार थोडं देणार होतं.

एप्रिल २००७ मध्ये माँटानाने पुढची पायरी गाठली. नुसता ठराव न करता कायदाच केला, तोही एकमताने. गव्हर्नर ब्रायन श्वाइट्झर यांनी त्यावर सही केली. त्याच वर्षी वॉशिंग्टन, न्यू हॅम्पशायर, साउथ कॅरोलायना, ओक्लाहोमा, जॉर्जिया अशी राज्यं पुढे आली. कुणी साफ मनाई केली, तर कुणी पैसे आणि खासगीपणाची हमी मिळेपर्यंत थांबायचं ठरवलं. पुढे अलास्का, लुइझियाना, ॲरिझोना, मिनेसोटा, मिसुरी, युटा, पेनसिल्व्हेनिया यांनीही कायदे केले. मिनेसोटाचा २००९ चा कायदा तर असा कडक की रिअल आयडीची नुसती तयारी करायलाही खात्याला बंदी होती. पुढे विरोध मागे घ्यायची वेळ आली तेव्हा त्या बंदीमुळे खर्चाचा अंदाज काढणंसुद्धा अवघड होऊन बसलं.

ॲरिझोनाची गोष्ट मुद्दाम सांगण्यासारखी आहे. तिथल्या मनाईच्या कायद्यावर जून २००८ मध्ये सही केली गव्हर्नर जॅनेट नपॉलिटानो यांनी. सात महिन्यांत त्याच केंद्राच्या होमलँड सिक्युरिटी (देशांतर्गत सुरक्षा) खात्याच्या प्रमुख झाल्या, म्हणजे ज्या कायद्याला राज्यात मनाई केली तो देशभर राबवण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. त्यांनी २००९ मध्ये ‘पास आयडी’ नावाच्या सौम्य पर्यायाला पाठिंबा दिला. तो काँग्रेसमध्ये पुढे सरकला नाही, आणि राज्यांना दिलेली त्या वर्षअखेरीची मुदत त्यांनी स्थगित केली.

५. मार्च २००८ मध्ये नेमकं काय झालं होतं? माँटानाच्या लोकांना खरंच विमानात बसू देणार नव्हते?

धमकी खरी होती. मूळ मुदत ११ मे २००८ ची. एकही राज्य तयार नव्हतं, म्हणून होमलँड सिक्युरिटीने सांगितलं की ३१ मार्चपर्यंत मुदतवाढीचा अर्ज करा. अर्ज केला नाही तर मे महिन्यापासून तुमच्या नागरिकांचं लायसन्स विमानतळावर चालणार नाही. माँटानाची अडचण अशी, की अर्ज करणं म्हणजे पुढेमागे कायदा राबवू अशी कबुली देणं, आणि राज्याच्या कायद्याने तीच बंद केलेली. जानेवारीत श्वाइट्झर यांनी इतर १७ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्र लिहून एकत्र उभं राहण्याची विनंती केली होती.

मार्चमध्ये माँटानाच्या ॲटर्नी जनरलनी होमलँड सिक्युरिटीला पत्र पाठवलं. आशय असा: आम्ही रिअल आयडी राबवणार नाही, राबवायला आमचा कायदा परवानगी देत नाही, पण आमची लायसन्सं सुरक्षित आहेत आणि तुम्हाला हव्या असलेल्या बऱ्याच गोष्टी आम्ही आमच्या मनाने आधीच केल्या आहेत. पत्रात मुदतवाढीची मागणी नव्हती. होमलँड सिक्युरिटीने मात्र तेच पत्र मुदतवाढीचा अर्ज मानलं आणि न मागितलेली मुदतवाढ मंजूर करून टाकली. न्यू हॅम्पशायर आणि साउथ कॅरोलायना यांच्या बाबतीतही असंच घडलं. मेनचं प्रकरण सर्वांत जास्त ताणलं आणि एप्रिलच्या सुरुवातीला मिटलं.

या दोन आठवड्यांत एक गोष्ट कळून चुकली: एका अख्ख्या राज्याला विमानतळावरून परत पाठवण्याची राजकीय किंमत मोजायची केंद्राची तेव्हा तयारी नव्हती. पुढची कित्येक वर्षं राज्यं त्याच हिमतीवर अडून बसली.

६. खासगीपणाची भीती नक्की कशाची होती? नाव-पत्ता तर डीएमव्हीकडे (लायसन्स देणाऱ्या राज्याच्या मोटार वाहन खात्याकडे) आधीपासून असतोच ना?

असतो. पण कायद्याने चार गोष्टी बदलल्या.

पहिली गोष्ट म्हणजे जन्मदाखला, सोशल सिक्युरिटीचा पुरावा, व्हिसाचे कागद यांच्या प्रती ठेवणं. पूर्वी खिडकीवरचा माणूस कागद बघून परत द्यायचा. आता त्याची प्रत ठेवावी लागते, कागदी असेल तर किमान ७ वर्षं आणि डिजिटल असेल तर किमान १० वर्षं. ज्याला दुसऱ्याच्या नावाने कर्ज काढायचं आहे त्याला लागणारं सगळं एकाच फोल्डरमध्ये, आणि असे फोल्डर राज्यातल्या बहुतेक प्रौढ माणसांचे.

दुसरी, चेहऱ्याचा फोटो. अर्ज केल्याबरोबर फोटो काढायचा आणि कार्ड नाकारलं गेलं तरी तो काही वर्षं ठेवायचा असा नियम आहे. चेहरा ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला हवा तसा एकसारख्या मापाचा, समोरून काढलेला फोटो.

तिसरी, कार्डाच्या पाठीवरचा बारकोड. कायद्याने तो सगळीकडे एकाच पद्धतीचा केला, आणि २००८ च्या अंतिम नियमांत तो सांकेतिक भाषेत कुलूपबंद करण्याची सक्ती टाळली. पोलिसांना रस्त्यावर चटकन वाचता यावा हे कारण दिलं गेलं. पण मग तो बारवाल्यालाही वाचता येतो आणि दुकानदारालाही. वय तपासण्यासाठी कार्ड मशीनवर फिरवलं की नाव, पत्ता, जन्मतारीख त्या दुकानाच्या संगणकात जाऊ शकते. काही राज्यांनी अशा साठवणुकीवर बंदी घातली आहे, सगळ्यांनी नाही.

चौथी, आणि सर्वांत वादाची: प्रत्येक राज्याने आपला डेटाबेस इतर सर्व राज्यांना इलेक्ट्रॉनिक पद्धतीने उघडा करावा ही कलम २०२ मधली अट. सुरक्षेत सर्वांत ढिलं जे राज्य, तेवढीच सगळ्यांची सुरक्षा. याचं पुढे काय झालं ते नवव्या प्रश्नात आहे.

७. माझ्याकडे लपवण्यासारखं काहीच नाही. मग मला काय फरक पडतो?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो, आणि मला तो सर्वांत महत्त्वाचा वाटतो. १९८९ साली लॉस एंजेलिसमध्ये रिबेका शेफर या तरुण अभिनेत्रीचा तिच्या दारात खून झाला. तिच्या मागे लागलेल्या माणसाने खासगी गुप्तहेरामार्फत कॅलिफोर्निया डीएमव्हीच्या नोंदींतून तिच्या घरचा पत्ता मिळवला होता. तिच्याकडेही लपवण्यासारखं काही नव्हतं, फक्त घराचा पत्ता होता. या प्रकारानंतर १९९४ मध्ये केंद्राने वाहनचालकांच्या माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. साउथ कॅरोलायनाने त्याला आव्हान दिलं, पण २००० साली सुप्रीम कोर्टाने तो एकमताने वैध ठरवला.

म्हणूनच घरगुती हिंसाचारातून सुटलेल्या बायकांसाठी काम करणाऱ्या संस्था रिअल आयडीच्या नियमांवर सुरुवातीपासून बोलत होत्या. कार्डावर राहता पत्ता छापायचा ही मूळ अट. ज्या बाईने नवऱ्यापासून पत्ता लपवला आहे तिने काय करायचं? अंतिम नियमांत राज्यांच्या गुप्त-पत्ता योजनेत नाव असलेल्यांना पर्यायी पत्ता छापायची सोय झाली. विरोध झाला म्हणून झाली.

दुसरं उदाहरण मिसुरीचं. रिअल आयडीला मनाई करणारा कायदा तिथे २००९ पासून होता. तरीही २०१३ मध्ये उघड झालं की लायसन्स कार्यालयांत लोकांचे कागद स्कॅन होत होते, आणि बंदूक बाळगण्याचा परवाना असलेल्या दीड लाखाहून जास्त लोकांची यादी राज्याच्या पोलिसांनी केंद्राच्या एका तपास विभागाला दिली होती. राज्यात केवढा गदारोळ झाला. माहिती एकदा साठवली की ती कुणाला द्यायची हे ज्याची माहिती आहे त्याला विचारून ठरत नाही.

८. या कार्डात चिप असते का? त्यावरून माझा माग काढतात का?

रिअल आयडीला चिप लागत नाही, बारकोड असतो. चिपचा गोंधळ ‘एन्हान्स्ड’ लायसन्समुळे होतो. हे कार्ड वॉशिंग्टन, मिनेसोटा, मिशिगन, न्यूयॉर्क आणि व्हरमाँट ही पाच राज्यं देतात. त्यावर जमिनीच्या किंवा समुद्राच्या मार्गाने कॅनडा-मेक्सिकोला जाऊन परतता येतं आणि त्यात रेडिओ-चिप असते. रिअल आयडीच्या ठिकाणी तेही चालतं.

९. सगळ्यांची माहिती एकाच केंद्रीय डेटाबेसमध्ये जाते का?

जशीच्या तशी नाही. राज्यांच्या विरोधामुळे केंद्राने स्वतःचा मोठा डेटाबेस उभा केला नाही. त्याऐवजी राज्यांच्या मोटार वाहन अधिकाऱ्यांच्या संघटनेने २०१५ पासून राज्य-ते-राज्य पडताळणी सुरू केली. तिच्या मध्यभागी एक सूची असते. तिच्यात नाव, जन्मतारीख, लायसन्स क्रमांक आणि सोशल सिक्युरिटी क्रमांकाचे काही आकडे असतात. तुम्ही टेक्सासहून न्यू जर्सीत आलात की न्यू जर्सी त्या सूचीत बघतं आणि जुनं लायसन्स रद्द करायला टेक्सासला कळवतं.

याला डेटाबेस म्हणायचं की नाही यावर वाद आहे. माझ्या मते देशभरातल्या माणसांची ओळ न् ओळ एका जागी शोधता येत असेल, तर तो डेटाबेसच आहे, भले त्यात फोटो आणि कागद नसोत. २००२ च्या होमलँड सिक्युरिटी कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की या कायद्याने राष्ट्रीय ओळखपत्राला परवानगी मिळते असा अर्थ काढू नये. तीन वर्षांनी दुसऱ्या वाटेने त्याच्या बऱ्याच जवळ जाणं झालं.

१०. हा विरोध डाव्यांचा होता की उजव्यांचा?

दोघांचा. नागरी हक्कांसाठी लढणारी एसीएलयू आणि बंदूकधारकांच्या संघटना एकाच बाजूला होत्या. राज्यांचे अधिकार जपणारे रिपब्लिकन, स्थलांतरितांसाठी काम करणारे डेमोक्रॅट, आणि चेहऱ्याच्या नोंदीला धर्माच्या कारणाने हरकत घेणारे ख्रिश्चनही. माँटानाचे श्वाइट्झर डेमोक्रॅट, साउथ कॅरोलायनाचे मार्क सॅनफर्ड रिपब्लिकन. आजच्या अमेरिकेत अशी आघाडी क्वचितच दिसते.

११. मग शेवटी सगळी राज्यं नमली कशी?

कोर्टाच्या निकालाने नाही, आणि खासगीपणाच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणूनही नाही. केंद्राने वेग कमी केला आणि दाब टप्प्याटप्प्याने वाढवला. २०१४ पासून आधी केंद्राची बंदिस्त कार्यालयं, मग इतर इमारती आणि लष्करी तळ. २०१६ च्या सुरुवातीला मिसुरी आणि मिनेसोटाच्या लोकांना तळाच्या फाटकावर पासपोर्ट मागितला जाऊ लागला. मालाची ने-आण करणारे ड्रायव्हर आणि रोजंदारीचे कंत्राटी कामगार तिथे अडले. त्याच जानेवारीत जाहीर झालं की २२ जानेवारी २०१८ पासून तयार नसलेल्या राज्यांचं लायसन्स विमानतळावर चालणार नाही.

मग आमदारांचे फोन खणखणू लागले. २०१७ या एका वर्षात मेन, माँटाना, मिनेसोटा, मिसुरी, पेनसिल्व्हेनिया, ओक्लाहोमा, वॉशिंग्टन, अलास्का आणि केंटकीने कायदे बदलले. ऑरेगनने २०२० च्या उन्हाळ्यात ताऱ्याची कार्डं द्यायला सुरुवात केली आणि त्यानंतर केंद्राने सर्व ५० राज्यं तयार असल्याचं जाहीर केलं. प्रवाशांसाठीची मुदत ऑक्टोबर २०२० ची होती. ती कोविडमुळे आणि रांगांमुळे पुढे जात शेवटी ७ मे २०२५ ला लागू झाली.

१२. एवढं करून विरोधाचा उपयोग काय झाला?

झाला, आणि तो तुमच्या-माझ्या हातातल्या कार्डावर दिसतो. माघार घेतानाही बहुतेक राज्यांनी एक अट घातली: ज्याला तारा नको त्याला साधं लायसन्स मिळालंच पाहिजे. मिनेसोटा, मिसुरी, पेनसिल्व्हेनिया, माँटाना इथे ही निवड कायद्यातच लिहिली आहे. तीन वर्षांत राबवायचा कायदा वीस वर्षांपर्यंत लांबला, नियम सौम्य झाले, राज्यांवरच्या खर्चाचा केंद्राचा अंदाज सुमारे ४ अब्ज डॉलरपर्यंत उतरला, आणि पत्ता लपवणाऱ्यांची सोय झाली.

साध्या लायसन्सची ती निवड टिकली पाहिजे, असं मी कळकळीने म्हणेन. ती काढून टाका, खर्च वाचेल, अशी मागणी आज ना उद्या होणारच.

१३. मी एच-१बी वर आहे. मला रिअल आयडी मिळेल का? आणि पासपोर्टावरचं नाव वेगळं असेल तर?

मिळेल, पण मुदतीचं. तुमच्या आय-९४ ची (अमेरिकेत किती काळ राहता येईल त्या नोंदीची) मुदत संपते तेव्हाच लायसन्सही संपतं. विद्यार्थ्यांच्या आय-९४ वर ठरावीक तारीख नसते, त्यांना एका वेळी एक वर्षापर्यंतचं मिळतं. व्हिसाची मुदतवाढ अडकली की लायसन्सही अडकतं, आणि न्यू जर्सी किंवा टेक्सासमध्ये गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही. नूतनीकरणाचा अर्ज लवकर करा आणि मुदतवाढीच्या अर्जाची पोच सोबत न्या.

नावाचा घोळ आपल्याकडे हमखास होतो. लग्नाआधीच्या पासपोर्टावर वडिलांचं नाव मधे, लग्नानंतर नवऱ्याचं. काहींचा पासपोर्ट आडनावाच्या रकान्याशिवाय, सगळं नाव एकाच ओळीत. मग व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी ‘एफएनयू’ (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) येतं आणि तेच पुढे लायसन्सवर छापलं जातं. नियम असा की ओळखीच्या मूळ कागदावरचं नाव आणि कार्डावरचं नाव यांतला दुवा कागदाने सिद्ध व्हायला हवा. लग्नाच्या नोंदणीचा दाखला मूळ प्रतीत न्या. तो मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नाव बदललं असेल तर ते पानही सोबत असू द्या, पण खिडकीवर ते ओळखतीलच असं नाही. पासपोर्टावरचं नाव आधी दुरुस्त करून घेणं हाच कमी त्रासाचा मार्ग.

१४. आम्ही सिएटलजवळ राहतो, ग्रीन कार्ड आहे. आमच्या लायसन्सवर ‘फेडरल लिमिट्स अप्लाय’ का?

कारण वॉशिंग्टन राज्याने २०१७ मध्ये वेगळा तोडगा काढला. साध्या लायसन्सवर हा शिक्का, आणि केंद्राच्या कामांसाठी आठव्या प्रश्नातलं एन्हान्स्ड लायसन्स. ते फक्त अमेरिकन नागरिकांनाच मिळतं. म्हणून तुमचं काही चुकलं आहे असं समजू नका. विमानतळावर भारतीय पासपोर्ट किंवा ग्रीन कार्ड दाखवा, दोन्ही चालतात.

१५. तारा नसलेल्या लायसन्सवर देशांतर्गत विमानात बसता येतं का? भारतातून आलेल्या सासूबाईंचं आणि मुलांचं काय?

नुसत्या तशा लायसन्सवर नाही. सासूबाईंना भारतीय पासपोर्ट पुरतो, परदेशी पासपोर्ट टीएसएच्या (विमानतळावर तपासणी करणाऱ्या केंद्राच्या यंत्रणेच्या) यादीत आहे. मोठ्या माणसाबरोबर प्रवास करणाऱ्या १८ वर्षांखालच्या मुलांना देशांतर्गत विमानासाठी ओळखपत्र लागत नाही. अमेरिकन नागरिक झालेल्यांना पासपोर्ट किंवा खिशात मावणारं पासपोर्ट कार्ड चालतं. ओसीआयवर (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या लोकांच्या कार्डावर) भरवसा ठेवून घराबाहेर पडू नका, ते या यादीत नाही.

ज्याच्याकडे यातलं काहीच नाही त्याची ओळख दुसऱ्या मार्गाने पटवण्याची सोय टीएसएने ठेवली आहे, पण १ फेब्रुवारी २०२६ पासून त्याचे ४५ डॉलर घेतात आणि ती १० दिवस चालते. ओळख पटेलच याची हमी नसते. नकाराला आता दर लागला आहे, आणि तो परवडणारे सोडून बाकीच्यांना निवड उरत नाही, हे मला खटकतं.

१६. न्यूयॉर्कच्या लोकांचं ग्लोबल एंट्री (परदेशातून परतताना विमानतळावर झटपट प्रवेशाची सोय) मधेच बंद झालं होतं, त्याचा याच्याशी संबंध आहे का?

कायदा वेगळा, भांडण तेच. न्यूयॉर्कने २०१९ च्या कायद्याने कागदपत्रं नसलेल्यांनाही साधं लायसन्स द्यायला सुरुवात केली आणि डीएमव्हीची माहिती इमिग्रेशनच्या यंत्रणांना देणं थांबवलं. फेब्रुवारी २०२० मध्ये होमलँड सिक्युरिटीने न्यूयॉर्कच्या सर्व रहिवाशांसाठी ग्लोबल एंट्रीचे अर्ज आणि नूतनीकरण बंद केलं. मुंबईला दरवर्षी ये-जा करणारी बरीच मराठी कुटुंबं त्यात अडकली. जुलैमध्ये केंद्राला कोर्टात मान्य करावं लागलं की आपली काही विधानं बरोबर नव्हती, कारण माहिती रोखणारी इतर राज्यंही होती आणि त्यांना ही शिक्षा नव्हती. बंदी उठली. दाबाची पद्धत ओळखीची होती: राज्याशी भांडण, आणि खोळंबा प्रवाशाचा.

१७. आपल्या ‘आधार’शी याची तुलना करता येईल का? भारतात एखाद्या राज्याने असा नकार दिला होता का?

काही बाबतींत करता येईल. आधारचं पहिलं वाटप २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत झालं. पण आधार केंद्राने थेट दिलं, बोटांचे ठसे आणि बुबुळं एका ठिकाणी जमा केली. रिअल आयडीत ठसे नाहीत, आणि कार्ड राज्यच देतं.

राज्याच्या नकाराचा प्रश्न भारतात एकदा कोर्टापर्यंत गेला. पश्चिम बंगाल सरकारने आधारच्या सक्तीविरुद्ध सुप्रीम कोर्टात धाव घेतली. ऑक्टोबर २०१७ मध्ये कोर्टाने विचारलं, संसदेच्या कायद्याला राज्य असं आव्हान कसं देऊ शकतं? मुख्यमंत्र्यांनी हवं तर व्यक्ती म्हणून यावं. भारतात खासगीपणाची लढाई म्हणूनच माणसांनी लढवली. ऑगस्ट २०१७ मध्ये नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये चार विरुद्ध एक अशा बहुमताने आधार टिकलं, पण खासगी कंपन्यांना ते मागण्याची मुभा काढून घेतली गेली. अमेरिकेत उलट झालं. तिथे राज्यांनी लढा दिला, पण खासगीपणाच्या मूळ प्रश्नावर रिअल आयडीच्या संदर्भात सुप्रीम कोर्टाचा निकाल कधी आलाच नाही.

१८. फोनमधलं डिजिटल लायसन्स जास्त सुरक्षित आहे का?

एका बाबतीत हो: वय दाखवताना पत्ता झाकता येतो. धोका असा की तपासणारं यंत्र प्रत्येक वेळी डीएमव्हीच्या सर्व्हरला विचारत असेल, तर तुम्ही कुठे आणि केव्हा कार्ड दाखवलं याची नोंद तयार होते. तुमच्या राज्याचं ॲप असं विचारतं का, हे घेण्याआधी बघा. आणि पोलिसाच्या हातात अनलॉक केलेला फोन देऊ नका.

१९. साधं लायसन्स घेतलं की माझी माहिती सुरक्षित, असं समजू का?

नाही. कागदांच्या प्रती साधारणपणे कमी साठवल्या जातात, हा फायदा खरा आहे, पण तो राज्याच्या कायद्यावर अवलंबून आहे. फोटो दोन्हीकडे निघतो. २०१९ च्या जुलैत जॉर्जटाउन विद्यापीठातल्या अभ्यासकांनी मिळवलेल्या कागदपत्रांतून उघड झालं की इमिग्रेशनच्या अधिकाऱ्यांनी युटा, व्हरमाँट आणि वॉशिंग्टन इथल्या डीएमव्हीच्या फोटोंत चेहरा ओळखण्याचे शोध करवून घेतले होते. यातल्या वॉशिंग्टनने आणि युटाने रिअल आयडीला कायद्याने विरोध केला होता. दोन्ही राज्यांत कागदपत्रं नसलेल्यांना गाडी चालवण्याचा परवाना मिळतो, आणि तो राज्याच्या शब्दावर विश्वास ठेवून लोकांनी घेतला होता.

एकदा स्कॅन झालेले कागद साधारणपणे परत काढता येत नाहीत. १९९४ च्या कायद्याने तुमची माहिती कुणाला द्यायची यावर मर्यादा आहेत, पण सरकारी यंत्रणांना त्यात मोठी सूट आहे. तुमच्या राज्याची डीएमव्ही चेहरा ओळखण्याचे शोध कुणाला करू देते, आणि त्यासाठी कोर्टाचा आदेश लागतो का, हे राज्याच्या आमदाराला लेखी विचारा. अमेरिकेत मतदार नसलात तरी रहिवासी म्हणून हे विचारता येतं.